घाबरायचं खातं

एमआरआयच्या यंत्रात घातलेल्या माणसानं हलायचं नसतं. अण्णांनी हात हलवले नाहीत, पाय हलवले नाहीत, पण ओठ काही थांबेनात. आत मारुतिस्तोत्र चालू होतं. फोटो काढायचा मानेचा, आणि मान स्तोत्राच्या ठेक्यावर डुलतेय! बाहेरच्या मुलीनं माईकवरून दोनदा बजावलं, "आजोबा, हलू नका." आतून उत्तर आलं, "मी कुठं हलतोय? स्तोत्रच तसं आहे." शेवटी सगळं पुन्हा करावं लागलं. दुसऱ्या खेपेला तिनं जवळ येऊन समजुतीनं विचारलं, "मनातल्या मनात नाही का म्हणता येणार?"

"मनात भीती भरलीय हो," अण्णा म्हणाले. "तिथं जागा नाही."

अण्णा सांगलीच्या गावभागातले. सगळी नोकरी बँकेत झाली, तीही कॅशियरच्या पिंजऱ्यात. सीलबंद आलेलं नोटांचं बंडलसुद्धा दोनदा मोजल्याशिवाय त्यांनी कधी ड्रॉवरमध्ये टाकलं नाही. निवृत्तीनंतर नोटा गेल्या, मोजणी राहिली. रात्री दाराची कडी दोनदा, गॅसचा कॉक दोनदा, गच्चीचं दार दोनदा. मग देवघरापुढं उभं राहून हात जोडायचे : "महाराज, आता सगळं तुमच्यावर." आणि अंथरुणाकडे जाता जाता परत एकदा कडी.

"महाराजांवर सोपवलंत ना? मग कडी कशाला चाचपताय?" काकू अंधारातून विचारतात.

"सोपवताना शिल्लक बरोबर नको? चार्ज देताना कॅश मोजूनच द्यावी लागते," अण्णा सांगतात. काकू कूस बदलतात. त्यांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली आहेत, आणि एवढ्या काळात त्यांनी घरात स्वतः कशाला भ्यायचं शिल्लकच ठेवलेलं नाही. सगळं अण्णाच भिऊन टाकतात.

महाराज म्हणजे नरसोबाच्या वाडीचे दत्तमहाराज. ते मुख्य कार्यालय. बाकीच्या भीतींना वेगवेगळे काउंटर आहेत. भटक्या कुत्र्यांना मारुती. सरकारी कचेरीला आणि ऑपरेशनला सांगलीचा गणपती. मुलीच्या बाळंतपणाला अंबाबाई. प्रवासाला रामरक्षा. तिच्यावर अण्णांचा विशेष लोभ, कारण तिच्यात शरीराचा एकेक अवयव नाव घेऊन रामाच्या हवाली केलेला आहे. विम्याचे कागद वाचावेत तशी त्यांनी ती बारकाईनं वाचलेली आहे. गुडघे दुखायला लागल्यापासून गुडघ्यांचा चरण ते दोनदा म्हणतात. साठीनंतर डॉक्टरांनी प्रोस्टेटचं नाव काढलं तेव्हा मात्र ते जरा चपापले, कारण यादीत तो नाही. दोन दिवस अस्वस्थ होते. मग त्यांनाच आठवलं की यादीच्या शेवटी सबंध शरीराचाही उल्लेख आहे. "त्यात सगळं येतं," ते आम्हाला समाधानानं म्हणाले. "बुधकौशिक ऋषींनी पळवाट ठेवलेली नाही."

हा माणूस अंधश्रद्ध आहे असं मात्र कुणी समजू नये. अंगाऱ्याची पुडी खिशात असते, आणि तिच्या शेजारी रक्तदाबाची गोळी. दोन्ही वेळेवर. मुलीकडे बंगळूरला पहिल्यांदा विमानानं गेले तेव्हा सुरक्षा तपासणीत ती पुडी निघाली. जवानानं संशयानं विचारलं, "ये क्या है?" अण्णांनी आयुष्यभराचं हिंदी गोळा करून सांगितलं, "भगवान का राख. डर का दवाई." जवान हसला, चिमूटभर बोटावर घेतली, कपाळाला लावली आणि पुडी परत केली. विमान उडेपर्यंत अण्णा त्याच एका विचारात होते : ज्याच्या हातात बंदूक आहे त्यालाही लागते म्हणायची!

त्यांची खरी धर्ममीमांसा मला कळली ती आंबा घाटात. रत्नागिरीला एका लग्नाला एसटीनं निघालो होतो. घाटात रस्त्याकडेला देऊळ आलं आणि ड्रायव्हरनं स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडले. मोजून एक क्षण. अण्णा माझ्या शेजारून ताडकन उठले आणि चालत्या गाडीत खांबांना धरत धरत पुढं गेले. "मालक, नमस्कार करा, जरूर करा. मीही करतोय. पण एका हातानं." ड्रायव्हर म्हणाला, "अहो आजोबा, देवच चालवतोय की गाडी." "ते खरं," अण्णा म्हणाले, "पण देवाचं लायसन कुणी बघितलंय? तुमचं मी आत्ता बघितलं, तिथं वर लावलंय." पुढच्या प्रत्येक देवळाला ड्रायव्हरनं एक हात छातीला लावला आणि दुसरा स्टिअरिंगवर ठेवला. अण्णांनी मात्र दोन्ही हात जोडले. म्हणाले, "आपल्याकडे स्टिअरिंग नाही, आपल्याला परवडतं."

ही भीती अण्णांनी कुठं बाजारातून आणलेली नाही. ती काळानं हप्त्याहप्त्यानं त्यांच्या खात्यावर भरली. १९६२ च्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह जमले, जग बुडणार म्हणून देशभर यज्ञ पेटले, तेव्हा ते नऊ वर्षांचे. आजीनं त्या दिवशी घरातला सगळा गूळ काढून पुरण घातलं. आलाच प्रसंग तर पोरं उपाशी जायला नकोत. जग बुडालं नाही. यज्ञांमुळे वाचलं म्हणणारे होते, ग्रहांना काही कळतच नाही म्हणणारेही होते. नऊ वर्षांच्या अण्णांनी दोन पुरणपोळ्या खाऊन स्वतःपुरता हिशेब मांडला : प्रार्थना केली, जग शाबूत आहे, ताळमेळ लागला. पुढं ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि भांड्यांच्या मांडणीनं सगळ्या घराला उठवलं. वडील धोतर सावरत "बाहेर पळा" म्हणून ओरडले, आजी जागच्या जागी बसून नामस्मरण करत राहिली, आणि चौदा वर्षांच्या अण्णांनी आजीला उचललं नि नामस्मरण करत बाहेर पळाले. त्यांची पुढची सगळी तऱ्हा त्या एका पहाटेत आली. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब हे अवकाशस्थानक डोक्यावर पडणार अशी हूल उठली तेव्हा ते बँकेत नवीन होते. काउंटरवर बसून जपमाळ ओढता येत नाही, म्हणून शंभराच्या नोटा मोजताना प्रत्येक नोटेला एक नाम घेतलं. स्कायलॅब हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात जाऊन पडली. अण्णांची त्या दिवशीची कॅश पैशापैशाला जुळली. दोन्हींचं श्रेय एकाच ठिकाणी गेलं.

पण भीतीचं मुद्दल म्हणाल तर ते कृष्णेचं.

सांगलीकराला फूट आणि क्युसेक शिकवावे लागत नाहीत. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं. अण्णांनी तर बँकेचं जुनं लेजर त्यासाठी राखलंय. डावीकडच्या पानावर पाणी : आयर्विन किती, कोयनेतून किती, वारणेतून किती, अलमट्टीचं धरण काय म्हणतं. उजवीकडच्या पानावर जप : किती माळा. पाणी चढलं की माळा चढवायच्या, म्हणजे दोन्ही बाजू जुळतात. रात्री पाणी इंचाइंचानं चढतं आणि माणसाला मधेच डुलकी लागते. सकाळी उजवीकडे तूट दिसते. मग आंघोळीआधीच भरपाई.

गंमत अशी, की याच पाण्यासाठी अण्णा दरवर्षी डोळे लावूनही बसलेले असतात. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वाडीचं देऊळ. पावसाळ्यात पाणी चढतं, गाभाऱ्यात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. हा दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लोक धावतात. अण्णाही धावतात. एरवी गल्लीतलं डबकं ओलांडताना विजेची तार पडली असेल म्हणून काठीनं चाचपणारा हा माणूस तिथं रेलिंग धरून कमरेइतक्या पुरात उभा राहतो आणि डोळे मिटतो. मी एकदा विचारलं, "अण्णा, तीच कृष्णा ना?"

"तीच की. वाडीत पायाला लागली तर तीर्थ. सांगलीत उंबऱ्याला लागली तर पूर."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ती उंबऱ्याकडे निघाली. सुरुवातीला गल्ली निवांत होती. मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ मारून ठेवलेली होती, आणि त्या रेघेवर सगळ्यांची वेदांइतकी श्रद्धा. पाणी तिथवर येतं, त्याच्या वर येत नाही. अण्णांच्या घराचं जोतं रेघेपेक्षा चार बोटं वर. त्यामुळे सूर्यवंशी प्लॉटातली माणसं घरं सोडून निघाली, कर्नाळ रोड पाण्याखाली गेला, तरी अण्णा हलेनात. "मी महाराजांवर सोडलंय," ते म्हणाले.

"आणि कोयनेनं किती सोडलंय?" काकूंनी विचारलं.

अण्णांनी लेजर उघडलं आणि मिटलं.

काकूंनी तोवर बांधाबांध सुरू केली होती. त्यांच्या श्रद्धेला आवाज नाही. ती तांदूळ माळ्यावर चढवते, गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालते, मेणबत्तीला काडेपेटी बांधून ठेवते. लाडवाच्या मोठ्या डब्यात त्यांनी विम्याच्या पॉलिसी, घराचे कागद आणि देव भरले. अण्णांनी झाकण उघडून पाहिलं तर पॉलिसी वर आणि देव खाली.

"अहो, देव खाली? देव वर ठेवा!"

"देव भिजले तर काय होतंय? रोज भिजतातच की तुमच्या हातनं," काकू म्हणाल्या. "पॉलिसी भिजली तर कोण देणार पैसे?"

या युक्तिवादाला कुठल्याच पोथीत उत्तर नव्हतं. देव खालीच राहिले.

पाणी रेघेला लागलं तरी अण्णांचं "महाराज आहेत" चालूच होतं. गल्लीतली तरुण मुलं येऊन विनवून गेली. मुलीनं फोनवरून रडून घेतलं. अण्णा कॉटवर मांडी घालून बसलेले, हातात माळ, आणि पाय मात्र वर घेतलेले. शेवटी काकू फोन घेऊन आल्या. वाडीहून निरोप होता. पाणी चढल्यामुळे महाराजांची उत्सवमूर्ती देवळातून हलवून उंचावर नेली होती. तसं पाहिलं तर यात नवं काही नव्हतं. पूर आला की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या देवळात नेतात, हा तिथला नेमच आहे, आणि अण्णांनी तो जन्मभर पाहिलेला. पण काकूंनी तो निरोप नेमक्या वेळी आणला.

"महाराज वर गेले," त्या म्हणाल्या. "तुम्ही खाली थांबून कुणाची वाट बघताय?"

अण्णांनी माळ थांबवली. "स्वतः गेले?"

"स्वतः कसे जातील? पुजाऱ्यांनी उचलून नेले. तशी ही पोरं आलीत तुम्हाला न्यायला. आता देवापेक्षा जास्त भक्ती दाखवू नका."

अण्णा उठले. कडी दोनदा बघितली. पाणी खिडकीपर्यंत येणार हे दिसत असतानाही बघितली.

बोटीत लाइफ जॅकेटचे पट्टे त्यांनी स्वतःचे बांधले, मग काकूंचे, मग शेजारच्या दोन पोरांचे, आणि मग सगळ्यांचे पुन्हा ओढून पाहिले. बोट हलली तशी रामरक्षा मोठ्यानं सुरू झाली. आवाज इतका कापत होता की रडणारी पोरं रडायची थांबून त्यांच्याकडे बघायला लागली. आपल्यापेक्षा जास्त घाबरलेला मोठा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता, आणि त्यांना फार धीर आला. बोट चालवणारा जवान उत्तरेकडचा. त्याला शब्द कळत नव्हते, सूर कळला. "बाबा, और ज़ोर से," तो म्हणाला. गुडघ्यांचा चरण आला तेव्हा अण्णांनी तो सवयीनं दोनदा म्हटला. तेवढ्यात बोट विजेच्या खांबाला घासून सरळ झाली. सगळं व्यवस्थित आहे हे त्यांनी पहिल्यांदा मान्य केलं ते विश्रामबागेच्या कोरड्या रस्त्यावर पाय टेकल्यावर.

शाळेच्या हॉलमध्ये छावणी होती, आणि अण्णांच्या भीतीला तिथं पहिल्यांदा मोठं कार्यक्षेत्र मिळालं. गॅसची शेगडी सतरंजीपासून किती लांब, पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर झाकण आहे का, मधुमेहवाले कोण, त्यांची इन्शुलिन कुणाच्या फ्रिजमध्ये : ज्या ज्या गोष्टीला ते भ्यायले, ती ती गोष्ट तासाभरात मार्गी लागली. संडासासाठी त्यांनी टोकन काढली. बँकेतल्यासारखी. "टोकन नंबर चौदा" अशी हाक आल्यावर एक आजोबा खरोखर पासबुक शोधायला लागले.

रात्री झोपण्यापूर्वी डोकी मोजणं आलंच. पहिल्या रात्री यादीत एकशे अठरा, मोजणीत एकशे सतरा. पुन्हा मोजले, पुन्हा एकशे सतरा. अण्णांचा चेहरा उतरला, हॉल जागा झाला, कोण गेलं, कुणाचं गेलं, बायका रडायच्या बेतात. काकूंनी सतरंजीवरून डोळे न उघडता विचारलं, "स्वतःला धरलंत का?" वेदान्तात दहा जणांची गोष्ट आहे. नदी ओलांडून आल्यावर प्रत्येक जण नऊच मोजतो आणि दहावा बुडाला म्हणून रडतो. ती गोष्ट प्रवचनांतून ऐकलेले पुष्कळ असतील. करून दाखवलेली आम्हीच पाहिली.

आणि मग ती बातमी आली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ लोकांना बाहेर काढणारी गावची नाव उलटली. माणसं बुडाली. बायका, पोरं. हॉलमधला आवाज एकदम बसला. कुणीतरी भाबडेपणानं म्हणालं, "आपल्याला महाराजांनी राखलं बघा अण्णा."

अण्णा कधी नव्हे ते चिडले. "असं बोलू नका. मग त्यांना कुणी सोडलं? त्यांच्यात कुणी भक्त नसतील?" पुढं त्यांना काही सुचलं नाही. या प्रश्नाची तूट कुठल्या पानावर दाखवायची हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते उठून बाहेर गेले आणि बोटीवाल्या पोरांना गाठलं : एका खेपेला किती माणसं घेता? जॅकेटं किती आहेत? मोजून दाखवा. रात्री परत आले तेव्हा वहीत एक यादी होती. देवानं काय करावं हे त्यांनी लिहिलेलं नव्हतं. माणसांनी काय करावं हे मुद्देसूद होतं.

त्या रात्री दिवे गेले. अंधारात पोरं कुरकुरायला लागली आणि कुठूनशी एक म्हातारी म्हणाली, "अण्णा, काहीतरी म्हणा की." अण्णांनी गुरुचरित्राचा चौदावा अध्याय सुरू केला. संकटात माणसं हाच अध्याय धरतात, कारण त्यात भ्यालेला माणूस आहे. सायंदेव. एका क्रूर यवन अधिकाऱ्यानं त्याला बोलावलंय, तिथं गेलं की मरण ठरलेलं, आणि गुरू सांगतात, जा, भिऊ नकोस. दर गुरुवारी संध्याकाळी अण्णा तो घरी मोठ्यानं वाचतात. पण तेव्हा पोथी समोर असते. पोथी लाडवाच्या डब्यात, डबा अंधारात, आणि अण्णा मधेच अडकले.

हॉलच्या कोपऱ्यातून बागवान चाचांचा आवाज आला, "राजाकडं निघाला न्हवं का त्यो? तितनं म्हना."

चाचा फळवाले. त्यांची नि अण्णांची भिंत एक. कित्येक वर्षांचे गुरुवार त्या भिंतीतून पाझरलेले. अण्णा सुटले, पुढं चालले, आणि पुन्हा घुटमळले. या वेळी आठवेना म्हणून नव्हे. यवनाच्या क्रूरपणाचं वर्णन आलं होतं, आणि चाचा तिथं बसलेले. अण्णांनी घसा खाकरला, दोन-तीन ओव्या पुटपुटल्यासारख्या केल्या आणि पान उलटल्यागत पुढं उडी मारली.

"अण्णा, गाळू नका," चाचा म्हणाले. "फुडं त्यो सुधारतोय की. माफी मागतोय, कापडंबी देतोय त्याला. सगळं म्हना, तवाच मजा."

खरोखरच तसं आहे. अध्यायाच्या शेवटी तो यवन पश्चात्तापानं सायंदेवाला वस्त्रं देऊन सन्मानानं परत पाठवतो. अण्णांनी सगळं म्हटलं, गाळलेल्या ओव्यांसकट. संपल्यावर चाचांनीही आपल्या परीनं हात पसरून दुआ मागितली. अण्णा त्यांच्या शेजारी सरकून बसले आणि विचारलं, "हे काय म्हणालात, त्याचा अर्थ काय?" चाचांनी सांगितला. अण्णा म्हणाले, "चांगलं आहे. उद्या पुन्हा एकदा म्हणा." त्यांच्या हिशेबी कुठलीही चांगली गोष्ट एकदा करून पक्की होत नाही.

आयर्विनपाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर जाऊन मग उतरलं. गल्लीत परतल्यावर गुडघाभर चिखल, फुगलेली कपाटं, तो वास. लेजर गेलं होतं. पाण्याचं पान आणि जपाचं पान एकमेकांना चिकटून एकच झालं होतं. लाडवाचा डबा काकूंनी डोक्यावरून आणला होता. देव कोरडे, पॉलिसीही कोरड्या. अण्णांनी पहिल्यांदा देवळाच्या भिंतीवर २०१९ ची रेघ मारली. ती जुन्या रेघेच्या इतकी वर होती की त्यांना खुर्ची घ्यावी लागली. खुर्चीचे पाय आम्ही दोघांनी धरले होते, तरी ते म्हणाले, "धरलंय ना? नक्की?"

त्यानंतरच्या मार्चमध्ये करोना आला. जिल्ह्यातले सुरुवातीचे रुग्ण इस्लामपुरात सापडले. पण अण्णांना धक्का बसला तो देवळं बंद झाली याचा. पुरात महाराज वर गेले होते; आता वरही जाता येईना. काही दिवस ते मालक परगावी गेलेल्या दुकानाच्या पायरीवर बसावं तसे बसून असत. मग १ जुलैच्या आषाढीसाठी संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला निघाल्याचं त्यांनी टीव्हीवर पाहिलं. फुलांनी सजवलेली बस, आत मोजकी माणसं, तोंडाला मास्क. अण्णांचा चेहरा उजळला. "बघा," ते म्हणाले, "तेही नियम पाळतात." दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्यांना औषधं पोचवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. दोन मास्क, हातमोजे, तोंडात नाम. पिशवी दारात ठेवायची, बेल वाजवायची आणि सहा फूट मागे सरकून विचारायचं, "ठीक आहात ना?" उत्तर आलं की पुन्हा एकदा, "नक्की ना?" त्या वर्षीच्या दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, देवळं उघडली तेव्हा ते वाडीला पहिल्या दिवशी गेले नाहीत. गर्दीला भ्यायले. चौथ्या दिवशी गेले.

त्यांच्या श्रद्धेची चेष्टा करणारे गल्लीत आहेत. एकानं तर तोंडावर विचारलं, "अण्णा, एवढा भरवसा आहे तर भिता कशाला?" अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "भीती नसती तर माझं महाराजांशी बोलणं तरी कशावर झालं असतं? कामाशिवाय साहेबाच्या केबिनमध्ये कोण जातंय?" मला हे उत्तर पुष्कळ प्रवचनांपेक्षा प्रामाणिक वाटतं. निर्भय झाल्याचा दावा त्यांनी कधी केला नाही. महाराजांकडून त्यांना मिळालं ते एवढंच : भीतीनं हातपाय गळायचे, ते गळले नाहीत. जीभ स्तोत्रात गुंतवली की हात मोकळे राहतात, आणि मोकळ्या हातांना मग कडी, पट्टा, टोकन, औषधाची पिशवी असं काहीतरी सापडतंच. उरलेला प्रश्न, ब्रह्मनाळचा, त्यांनी सोडवलेला नाही. तो अजून उघडा आहे, आणि दर पौर्णिमेला वाडीला गेले की ते तो मांडतात असा काकूंना संशय आहे. कारण त्या दिवशी ते गाभाऱ्यासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहतात आणि मागची रांग कुरकुरते.

आता पावसाळा लागला की आमच्याकडे एक सोयीची व्यवस्था चालते. पाणी पस्तीस फुटांवर गेलं की अण्णा नवं लेजर काढतात आणि जागतात. काकू थर्मास भरून ठेवतात आणि झोपतात. गेल्या वर्षी गल्लीत भाड्यानं राहायला आलेल्या एका तरुणानं चाचांना विचारलं, इथं पुराचा इशारा कुठल्या ॲपवर बघायचा?

चाचा आंबे पुसत होते. "ॲप कशाला? त्या खिडकीत उजेड दिसला की समजायचं, अण्णा घाबरल्यात. मग आपण झोपायचं बिनघोर. उठायची येळ आली तर त्येच उठवत्यात." आणि आंबा टोपलीत ठेवत त्यांनी भर घातली, "दोनदा."